गंजक्या रानाचे धनी

सुगी आटोपता आटोपता थोरल्या अण्णांना एकाएकी आठवलं, की आपण तिघं भाऊ एका आईच्या पोटचे.

इतकी वर्षं ही गोष्ट त्यांच्या ध्यानातून गेली होती. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. माणसामागं व्याप असतात. तिघांतला धाकटा, बाहुबली, मिठाच्या सत्याग्रहाच्या साली तापानं गेला, तेव्हासुद्धा ती त्यांना नीटशी आठवली नव्हती. पण यंदा ओढ्याकाठच्या गंजक्या रानात पुरुषभर उंच जोंधळा उभा राहिला, कणीस मुठीत मावेना, आणि निपाणीच्या बाजारात कुणीतरी "कुणाचं म्हणायचं हो हे रान?" असं विचारलं. त्याबरोबर कलगोंडा अण्णांच्या काळजात भावाची माया अशी दाटून आली, की त्यांनी त्याच पावली सगळ्यांना सांगावा धाडला: उद्या दुपारी बाहुबलीच्या खळ्यावर जमा, घरातलं बोलायचं हाय.

'बाहुबलीच्या खळ्यावर', असं ते म्हणाले. 'कांताच्या' नाही. ब्राह्मीनं हे तेवढ्यात टिपलं.

ब्राह्मी ही मधल्या भावाची, रायाप्पाची मुलगी. शहापुरात मावशीकडे राहून बेळगावच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी पाचवीत शिकत होती, सुट्टीला आली होती आणि सोमवारी निपाणीहून सर्व्हिस मोटारनं परत जायची होती. त्या वर्षी तिला एक मोठा शोध लागला होता: आपल्याला बोलता येतं. शाळेच्या वादसभेत 'शहर बरं की खेडं' यावर ती शहराच्या बाजूनं बोलली, जिंकली, आणि तेव्हापासून भाकरीला तूप मागतानाही "माझा पहिला मुद्दा असा" म्हणून सुरुवात करू लागली. घरच्यांना वाटे, सुट्टी जरा लवकर संपली तर बरं.

खळ्यावर घोंगडी अंथरली होती. मधोमध थोरले अण्णा. त्यांच्या उजव्या हाताला बस्तीचे, म्हणजे जैनांच्या देवळाचे, उपाध्ये. चार घरची भांडणं मिटवून मिटवून त्यांना आता भांडणापेक्षा त्यानंतरच्या जेवणात जास्त गोडी वाटू लागली होती. दिवस मावळायच्या आत जेवण झालंच पाहिजे, हा त्यांचा धर्म. म्हणून त्यांचा एक डोळा सभेवर आणि दुसरा सूर्यावर. डाव्या हाताला ब्राह्मीचे वडील, रायाप्पा. अण्णा बोलू लागले की रायाप्पांची मान हलू लागे. ती कबुली असे की नुसती सवय, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

कडब्याच्या पेंढ्यांच्या ढिगाआड बायका बसल्या होत्या: अण्णांची बायको शालन, जिला ब्राह्मी मोठी आई म्हणे, आणि तिच्या पलीकडे, पुरुषांकडे पाठ करून, बाहुबलीची विधवा कांता काकू.

पाठ करून, कारण थोरल्या दिराशी, म्हणजे भासऱ्याशी, भावजयीनं बोलायचं नाही, हा या घराचा दंडक. भासऱ्याच्या कानावर तिचा आवाजही पडू नये. कलगोंडा अण्णा त्याबाबत फार कडक. सांगायचं असेल ते मधल्या माणसाकरवी सांगायचं, आणि आजचं मधलं माणूस होती ब्राह्मी. दोन्ही बाजूंत अंतर असं, की काकूनं सुस्कारा टाकला असता तर अण्णांच्या पागोट्याचा शेव हलला असता. तरीही अण्णांना काकूचं काही ऐकू येत नव्हतं आणि काकूला अण्णांचं. ब्राह्मीच्या तोंडून गेल्याखेरीज शब्दाला शब्द म्हणत नव्हते.

अशा कामावर वादसभा जिंकलेल्या मुलीला बसवणं, ही त्या दिवशीची पहिली चूक.

"उपाध्ये, तुमच्या म्होरं बोलतो," अण्णांनी घसा खाकरला. "माझ्या मनात पाप न्हाय. ब्राह्मी, कांताला म्हणावं, इतकी वर्सं तू उन्हातान्हात राबलीस. आता मला बघवंना झालंय."

"काकू, अण्णांना बघवेना झालंय."

ढिगाआडून बारीक आवाज आला. "काय बघवंना? जोंधळा?"

"अण्णा, काकू विचारतात, काय बघवेना. जोंधळा का?"

उपाध्यांना ठसका लागला.

"तिचे कष्ट गं! कष्ट!" अण्णा म्हणाले. "बाईमाणसानं किती करायचं? आता तिनं सुखानं घरात यावं. दोन वेळचं ताट हाय, वर्साला लुगडी हाईत. रान आम्ही बघू. रान काय कुठं पळून जातंय व्हय? घरचंच ते."

रायाप्पांची मान हलली.

त्या रानाची कथा गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती. जर्मनीच्या लढाईच्या दिवसांत एका कंपनीच्या साहेबाला वरच्या टेकडीत काळा दगड सापडला. लढाईला तो हवा होता म्हणे. साहेबानं टेकडी पोखरली आणि खाणीत साठलेलं पाणी ओढ्यात सोडून दिलं. पाणी गंजाच्या रंगाचं. गुरं तोंड लावायची आणि मागं सरायची. त्यात धुतलेलं धोतर जन्माचं भगवं व्हायचं. पुढं लढाई थांबली, दगडाला गिऱ्हाईक उरलं नाही, आणि साहेब टोपी घालून निघून गेला. पाणी तेवढं न्यायला विसरला. दर पावसाळ्यात त्यानं टाकलेल्या दगडांच्या ढिगाऱ्यातून ते झिरपायचं आणि ओढ्याकाठच्या रानात शिरायचं. रानावर पिवळी खपली धरली. बी टाकलं तर मूळ बोटभर जाऊन काळं पडे. हराळीसुद्धा तिथं यायला नाराज. मुंगी नाही, वाळवी नाही, नांगरामागं बगळा नाही.

बाहुबली गेल्यावर वाटणी निघाली, ती अण्णांनी मोठ्या मनानं केली. विहिरीचं रान स्वतःकडे ठेवलं, कारण विहिरीची काळजी कोण घेणार? माळाचं रान रायाप्पाला दिलं, कारण रायाप्पा काही बोलत नाही. आणि ओढ्याकाठचं कांताला, कारण ती दुःखात होती आणि तिथं शांत वाटायचं. वाटणी तोंडी झाली. सरकारदरबारी नाव अण्णांचंच राहिलं. घरातल्या घरात कशाला उगीच कागदाचा खर्च!

अण्णांनी त्या रानावर आणखी एक उपकार केला. बस्तीला चुना काढायचा होता. कळीचा चुना विझवताना उकळतो, पोरंबाळं भाजतील, म्हणून गावात जागा कुणी देईना. तेव्हा अण्णांनी धर्मकार्यासाठी छातीठोक जागा दिली: कांताच्या रानाचा कोपरा. चुना विझवला, बस्ती पांढरी झाली, अण्णांचं नाव झालं. आणि पुढच्या पावसाळ्यात, त्या खड्ड्यातलं पाणी जिथवर सांडलं होतं बरोबर तिथवर, गवत उगवलं. बाकीचं रान तसंच टकलं, आणि कोपऱ्यात हिरवी शेंडी.

काकू त्या गवतापाशी बसून राहिली, एवढंच सगळ्यांनी पाहिलं. मग ती भट्टीवरून गवंड्यांनी टाकलेला चुरा आणू लागली. तो विझवायचा, निवू द्यायचा, वाळवून चाळायचा, सुपानं फेकायचा आणि वर कुळव फिरवायचा. पहिल्या साली एका पट्टीत हात सैल सुटला, तिथलं पीक पांढरंफटक पडलं. तेव्हापासून ती चुना आमटीत मीठ टाकावं तसा टाकते. ओढ्याच्या बाजूला तिनं चर खणला, त्यात चुनखडीचे दगड रचले, म्हणजे खाणीचं पाणी आधी त्यावरून जाऊन मग पुढं जाई. ताग पेरला आणि गाडला. धनगरांनी पूर्वी तिथं मेंढरं बसवायला नकार दिला होता. मग तेच विचारायला येऊ लागले. आणि यंदा हा जोंधळा.

म्हणजे अण्णांना माया आली, त्यात त्यांचं काय चुकलं?

"अवं," ढिगाआडून शालन मोठी आई बोलली. आल्यापासून ती नवऱ्याच्या बाजूनं होती. चराकाठी मिरची लावायची, हे तिनं मनात ठरवूनही टाकलं होतं. "घरात यावं म्हंजी? कुठल्या घरात?"

"आपल्या."

"आपल्या म्हंजी माझ्या?"

"तुझ्या-माझ्या काय करतीस? घर घर असतंय."

"चुलीम्होरं मी असती. सासूबाई हुत्या तवर सोसलं. आता माझ्या पिठात दुसऱ्या बाईचा हात मी न्हाय खपवून घेणार. हे काल सांगितलं न्हाय तुम्ही मला."

अण्णांनी आवाज खाली आणला. "शालन, सुम्म बस."

शालन मोठी आई गप्प बसली. पण ती कशी बसली ते पाहून ब्राह्मीला आनंद झाला. आतापर्यंत तिचं तोंड नवऱ्याकडं होतं. आता ते कांता काकूकडं वळलं.

"आन व्हय," ती सहज बोलावं तसं म्हणाली, "तुमच्या नेमाचं काय?"

"कसला नेम?"

"उपाध्ये बसल्यात की, त्यांनाच इचारा. कांतानं पहिला चुना टाकला त्या भादव्यात, भर बस्तीत उभं राहून कोण म्हणालं? मातीतला जीव भाजून मारलाय, त्या रानातला दाणा माझ्या मुखात जायचा न्हाय. बायका डोळं पुसत हुत्या."

"म्हणाले होते," उपाध्ये म्हणाले. त्यांना आठवत होतं, कारण त्या दिवशी बोलणं इतकं लांबलं होतं की पानं वाढायला उशीर झाला होता.

"माझा पहिला मुद्दा," ब्राह्मी उसळली.

"तू निरोप सांगायला बसलीयास," अण्णा म्हणाले.

"निरोपच सांगते. काकू विचारतात," आणि काकूनं हूं की चूं केलेलं नसताना ती पुढं म्हणाली, "त्या रानात तेव्हा जीव होता कुठं मारायला? मुंगी नव्हती, किडा नव्हता. जीव मारायचेच असते तर तुमच्या विहिरीच्या रानात चुना टाकला असता. तिथं पुष्कळ आहेत."

"उपाध्ये, ऐका! ह्येच्यासाठी शाळंत घातली हिला."

उपाध्ये मात्र विचारात पडले. सूर्य अजून वर होता. विचार करायला सवड होती. "तसं बघितलं तर," ते म्हणाले, "निर्जीव जमीन कसताना हिंसा नाही. सजीव जमीन कसताना आहे. गृहस्थाला तेवढी क्षम्य, ते वेगळं."

"म्हणजे खाणीच्या साहेबालाच बस्तीत आणून बसवायला पाहिजे," ब्राह्मी म्हणाली. "सगळे जीव आधीच घालवून त्यानं रान किती निर्मळ करून ठेवलं होतं! काकूनंच घाण केली."

"मुली, धर्माची थट्टा नको."

"थट्टा नाही, उपाध्ये. दाखवतेच." आणि कुणी अडवायच्या आत ती चराकडं धावली. परत आली तेव्हा तिच्या ओंजळीत ओल्या मातीचं ढेकूळ होतं. तिनं ते घोंगडीच्या कडेला ठेवून दोन बोटांनी फोडलं. माती काळसर, भुसभुशीत, आणि तिच्यातून एक गांडूळ सावकाश डोकं काढून या थोर सभेकडं बघू लागलं. निदान बघितल्यासारखं करू लागलं.

उपाध्यांनी लगबगीनं पाय आखडून घेतले. अण्णांनी धोतर सावरलं. रायाप्पा तर उठूनच उभे राहिले. एवढ्याशा जिवानं तिघा कर्त्या पुरुषांना घोंगडीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बसवलं.

"पोरी," काकूचा आवाज आला, "माघारी ठेवून ये ते. उन्हात वाळंल."

"अण्णा, काकू म्हणतात..."

"ते मला सांगायचं न्हवतं!" अण्णा ओरडले; आणि लगेच, "म्हंजी, सांगितलं असंल तर ठेवून ये."

ढेकूळ चराकाठी परत गेलं. अण्णांनी तेवढ्या वेळात नवा रस्ता शोधून ठेवला होता.

"नेम दाण्याचा हाय," ते म्हणाले. "मी कुठं दाणा पिकवतोय? मी तंबाखू लावणार. तंबाखू काय पोट भरायला खात्यात व्हय?"

उपाध्यांनी मान तिरकी केली. "तंबाखूला दाणा म्हणता येणार नाही, हे खरं."

"पण अण्णा," ब्राह्मी अगदी भोळ्या चेहऱ्यानं म्हणाली, "तंबाखू मळतात ती चुन्यातच ना?"

पदराआड शालन मोठी आई अशी हसली, की कडब्याच्या दोन पेंढ्या घसरल्या. रायाप्पांच्या मिशीखाली काहीतरी हललं. तिथं हसू यायची सवय नव्हती, म्हणून ते लगेच परत गेलं.

काकू मात्र हसली नाही. ती बोलली, आणि या वेळी जरा लांबलचक. ब्राह्मीनं ते जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द पदरचा न घालता:

"अण्णा, काकू म्हणतात, हे रान अजून बरं झालेलं नाही. दुखण्यातनं उठलेल्या माणसागत आहे. वर खाणीचा ढिगारा आहे तसाच आहे. दर उन्हाळ्यात चर उपसावा लागतो, दगडांवर गंजाची साय धरते ती खरवडून काढावी लागते, न्हायतर पाणी आंबट ते आंबटच खाली येतं. एक साल चुकलं की खपली परत धरती. तागाला आणि मेंढरांना दम धरून वेळ दिला, तेव्हा कुठं मातीला वास आला. तंबाखू लावून दोन सालांत सगळं ओरबाडून घेतलं, तर पुन्हा उभं करायला मी असेन नसेन."

 ओढ्याचं पाणी चुनखडीवरून जाताना बारीक खळखळ करत होतं.

ब्राह्मीला वाटलं, जिंकलो. वादसभेत अशा शांततेनंतर टाळ्या पडतात.

अण्णांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी ब्राह्मीकडं बघायचंच सोडलं आणि भावाकडं वळले. आवाज अगदी मऊ झाला. हा आवाज घरात फार थोड्या वेळा निघे आणि तो निघाला की कुणाचं तरी काहीतरी जाई.

"रायाप्पा. वाटणी तोंडी झालती. ती खरी धरायची का न्हाय, तेवढं तू सांग. दोघं भाऊ एक म्हणलो की उपाध्यांना त्रास न्हाय."

रायाप्पा घोंगडीचा एक दोरा ओढत बसले.

"खरी धर म्हणशील तर धरतो. माझी न्हाय कुठाय? पर मग सगळीच खरी. विहीर माझी, माळ तुझा. आजवर मी तुझं-माझं केलं न्हाय. पोरगी शहापुरात राहती, पुस्तकं घेती, वादसभा जिंकती, ते विहिरीच्या पाण्यावर. आता तुझ्या माळानं शिकवावं तिला. हुलगं बरं येत्यात म्हणं तिथं." अण्णांनी पागोटं नीट केलं. "न्हायतर वाटणी न्हवतीच म्हण. एकत्रच हाय सगळं. मग पोरगी मॅट्रिकच काय, विलायतेला जाऊ दे. मी हाय."

ब्राह्मीनं तोंड उघडलं. पहिला मुद्दा सापडेना. दुसराही सापडेना. आजवर तिला ज्या ज्या प्रश्नांवर बोलायला लावलं होतं, त्यात एक बाजू तिची असायची आणि दुसरी दुसऱ्या कुणाची तरी. या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना तीच उभी होती. तिला शाळेचा जिना दिसला, भिंतीवरचा जगाचा नकाशा दिसला, शुक्रवारी होणारी पुढची सभा दिसली, जिच्यासाठी भाषण तिनं आधीच पाठ केलं होतं. आप्पांची, म्हणजे वडिलांची, मान दिसली. ती हळूहळू खाली येत होती. होकाराकडं.

आणि ढिगाआडून, इतक्या हळू की फक्त मधल्या माणसालाच ऐकू यावं, काकू म्हणाली,

"ब्राह्मी, सांग त्यांना. घ्या म्हणावं रान. पोरीची शाळा मोडू नका."

तरी ते सगळ्यांना ऐकू गेलं. उपाध्यांनी डोळे मिटले. मोठ्या आईनं काकूचं मनगट धरलं. अण्णांच्या चेहऱ्यावर अशी काही शांती पसरली, की आता रानात तंबाखूची रोपं मोजायला हरकत नव्हती. पण अजून एवढंच बाकी होतं: निरोप सांगायचा.

 ब्राह्मी वळली.

"अण्णा," ती म्हणाली, "काकू म्हणतात, न्हाय."

"आं?"

"न्हाय म्हणतात. रान देणार न्हाय."

"असं म्हणाली न्हाय ती!"

"मग काय म्हणाल्या?" उपाध्यांनी डोळे उघडले. त्यांनी हे अगदी निरागसपणे विचारलं. निदान आवाज निरागस होता. "तुम्हांला कसं कळलं, कलगोंडा?"

अण्णांनी पागोटं चाचपलं. ऐकलं म्हणावं, तर भावजयीचा आवाज कानावर घेतला असं होतं. त्यांनीच घातलेला दंडक, भर उपाध्यांसमोर. न ऐकलं म्हणावं, तर पोरगी सांगते तेच खरं. ते एकदा ढिगाकडं बघू लागले, एकदा ब्राह्मीकडं.

"ऐकू आलं की मला," ते शेवटी पुटपुटले. "कान हाईत माणसाला."

"आज आलं?"

हे शालन मोठी आई म्हणाली. ती ढिगाआडून उठून पुढं आली होती. आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळंच ब्राह्मीला भीती वाटली.

"भावजी तापात तळमळत हुतं. घरात दुसरं माणूस न्हवतं, मी पाण्याला गेलते. हिनं दारातनं तुम्हांला हाका मारल्या, वैद्याला बोलवा म्हणून. तुम्ही कट्ट्यावर हुतासा. मान फिरवून बसलासा, मधलं माणूस न्हाय म्हणून. मी घागर घेऊन येईस्तवर. तवा न्हाय आलं ऐकू, आन आज आलं?"

 अण्णा जमिनीकडं बघत होते. ब्राह्मीला हे ठाऊक नव्हतं. काकूनं ते कधी सांगितलं नव्हतं. चुना चाळताना नाही, ताग गाडताना नाही. ब्राह्मीच्या सगळ्या चटकदार वाक्यांची तिला एकदम लाज वाटली. ती हसवत होती, तेव्हा या दोन बायका ही गोष्ट मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

रायाप्पांची मान अर्ध्यावर थांबली होती. ती तशीच वर गेली.

"कांता न्हाय म्हणली, अण्णा," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक होता, की त्यालाच मधलं माणूस लागलं असतं. "तर मी बी न्हायच म्हणतो. वाटणी झालती. माळ माझा. पोरीचं मी बघतो."

"झालं," उपाध्ये म्हणाले आणि सूर्याकडं बघत उठले. "दोन वाटेकरी एक बोलले, तिसऱ्यानं ऐकलं. बस्तीत मी असंच सांगेन. पानं मांडा."

पानं मांडताना काकूनं ब्राह्मीला कोपऱ्यात गाठलं आणि दंडाला असा चिमटा घेतला, की डोळ्यांत पाणी आलं.

"मी काय सांगितलं आन तू काय सांगितलंस गं?"

"मला नीट ऐकू आलं नाही, काकू."

"खोटारडी. शाळा गेली तुझी."

"हो," ब्राह्मी म्हणाली. डोळ्यांतलं पाणी चिमट्याचंच आहे, असं तिनं ठरवून टाकलं.

सोमवारी सर्व्हिस मोटार निपाणीहून ब्राह्मीशिवाय सुटली. तिच्या जागी आप्पा गेले आणि दोन दिवसांनी तिची पुस्तकं धोतराच्या फडक्यात बांधून डोक्यावरून घेऊन आले. बाहेरून परीक्षा देता येते का, हे शाळेच्या मोठ्या बाईंना विचारलं, म्हणाले. बाईंनी वर विचारून कळवते म्हणून सांगितलं. वर म्हणजे कुठं, हे आप्पांना माहीत नव्हतं, पण त्यांनी मान हलवली होती. मावशीनं लाडू दिले होते. त्यातले निम्मे वाटेत त्यांनीच खाल्ले होते, कारण इतकं बोलायची त्यांना सवय नव्हती आणि बोलून भूक लागली होती.

थोरल्या अण्णांनी ब्राह्मीशी अबोला धरला. ती समोर आली की ते टेकडीकडं बघत. टेकडीत बघण्यासारखं काही उरलेलं नव्हतं; ते साहेबानं केव्हाच नेलं होतं. तरी ते बघत.

चर उपसायला घेतला त्या दिवशी ते बांधावरून आले. खाली चरात काकू, आप्पा आणि ब्राह्मी दगडांवरची गंजाची साय खरवडत होती. अण्णा थांबले. खोकले. पुन्हा टेकडीकडं बघितलं.

"रायाप्पा," ते म्हणाले, "विहिरीच्या रानाची खालची कड, ओढ्याकडची. यंदा तिथं भुईमूग पिवळा पडलाय. खपलीवानी काय तरी धरतंय." ते थोडे घुटमळले. "त्या पोरीला इचार, कांताला इचारून सांग म्हणावं. चुना किती टाकायचा."

आप्पांनी कुदळ खाली ठेवली. कपाळावरचा घाम पुसला. ब्राह्मीला वाटलं, आता मान हलणार.

"दोघी हितंच हाईत की, अण्णा," आप्पा म्हणाले. "तुम्हीच इचारा."

अण्णा बांधावर उभे राहिले. ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. काकूनं पाठ फिरवली नाही. ती कमरेवर हात ठेवून वर बघत होती. ब्राह्मीनं गंजानं भगवे झालेले हात परकराला पुसले आणि तीही वाट बघत उभी राहिली. तिला मुळीच घाई नव्हती. शाळेची घंटा चुकायची भीती आता तिला राहिली नव्हती.